घोडा शिकताना : चिकोडी भागातल्या विद्यार्थ्यासाठी प्रस्तावना

ज्येष्ठ महिन्यात, आळंदीहून माउलींची पालखी निघण्याच्या आधी, चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून दोन घोडे पायी निघतात. शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघालेले हे अश्व मिरज, सातारा, पुणे असे मुक्काम करत सुमारे ३०० किलोमीटर चालून आळंदीला पोचतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले असे मानतात, आणि त्या परंपरेत अश्वांचा मान अंकलीकर शितोळ्यांकडे आहे. चांदोबाचा लिंब इथले उभे रिंगण, पुरंदवडे, खुडूस आणि ठाकूरबुवांची समाधी इथली गोल रिंगणे, सगळीकडे अफाट गर्दी या घोड्यांची दौड पाहायला थांबते आणि त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावते.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे एकाच वेळी दिसते. कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागची जागा एवढीच नजरेआड राहते. फडफडणारे निशाण, अचानक वाजलेली झांज, मागून आलेला माणूस, यांतल्या कशानेही तो बिथरू शकतो. रिंगणात तर हे सगळे एकदम असते. अशा ठिकाणी पाठीवर स्वार नसलेला घोडा माणसांच्या दोन भिंतींमधल्या वाटेने धावतो आणि शांतपणे थांबतो. वारकऱ्याला त्यात माउली दिसतात आणि त्या दर्शनाला माझा नमस्कार आहे. या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याने हात जोडून झाल्यावर पुढचेही विचारावे: हा घोडा कोणत्या वयात, काय पाहून निवडला? त्याची आई कोण होती? त्याला काय खाऊ घातले, नाल कोणी मारले, गर्दीची सवय कोणी आणि कशी लावली? एवढ्या प्रश्नांत पैदास, संगोपन, स्वारी, शिक्षण, वैद्यक आणि इतिहास असा अश्वविद्येचा सगळा विस्तार येतो. या भागातल्या मुलामुलींनी हा अभ्यास इंग्रजी चित्रांच्या पुस्तकापासून सुरू करण्याचे कारण नाही.

आपल्याकडे घोड्याचे ज्ञान भरपूर आहे, पण ते वेगवेगळ्या हातांत विखुरले आहे. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराला घोडीचा स्वभाव कळतो, तिच्या रक्ताचा तपास त्याला माहीत नसतो. गाडी पळवणाऱ्याला वेग कळतो. नालबंदाला खूर कळतो. पागेतल्या मोतद्दाराला खरारा करता करता कातडीखालची सूज बोटांनी समजते. पशुवैद्याला रोग कळतो, पण त्याच्याकडे घोडा बहुधा पोटदुखीने लोळायला लागल्यावरच येतो. ही माणसे एकमेकांशी क्वचितच बोलतात. चिकोडी-निपाणीच्या विद्यार्थ्याला मराठी आणि कानडी दोन्ही येते, त्यामुळे या सगळ्यांच्या अंगणात बसण्याची सोय त्याला आहे. हे विखुरलेले ज्ञान एका वहीत आणणे हे त्याचे पहिले काम, असे माझे ठाम मत आहे.

धनगरापासून सुरुवात करावी. दसऱ्यानंतर मेंढरांचे कळप चरणीला बाहेर पडतात तेव्हा बिऱ्हाड घोडीवर असते: भांडी, घोंगड्या, जाळ्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, कधी लहान मूलही. घोडी ठेंगणी, आखूड पाठीची, कठीण खुरांची. दिवसभर चालते आणि रात्री मिळेल त्या गवतावर राहते. दख्खनच्या या घोड्याला भीमथडी म्हणतात. मराठ्यांच्या लष्कराचा तो आधार होता, आणि तरीही तो नामशेष झाला असेच पुस्तकांत बराच काळ लिहिले जात होते. पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भुतिया, स्पिती आणि झंस्कारी यांच्या रांगेत दख्खनचा घोडा असा आठवा येऊन बसला. ज्यांनी तो टिकवला त्यांच्याकडे तबेले नव्हते, वंशावळी नव्हत्या, सरकारी मदतही नव्हती. त्यांना घोडी लागत होती, म्हणून ती राहिली.

इतिहासाचा पसारा मोठा आहे; इथे दिशा दाखवण्यापुरतेच सांगतो. आजच्या पाळीव घोड्यांचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सापडते, असे प्राचीन हाडांतल्या जनुकांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. घोडा तयार करण्याचे सर्वांत जुने सविस्तर टिपण मितान्नी राज्यातल्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासच्या त्या मातीच्या विटांवर कोणत्या दिवशी घोडा किती पळवायचा, कधी पाणी द्यायचे, कधी अंग धुवायचे हे महिनोन्‌महिन्यांचे वेळापत्रक आहे. आपल्याकडे शालिहोत्राचे नाव घेतले जाते आणि नकुलाच्या नावावर अश्वशास्त्र आहे. बेळगावचा मुलूख ज्या कल्याणी चालुक्यांच्या राज्यात होता, त्यांच्या सोमेश्वर तिसऱ्याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांची पारख आहे आणि घोड्यावरून चेंडू खेळण्याच्या राजविनोदाचे वर्णनही आहे. पुढे अरबी घोडे जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागले. विजयनगर आणि आदिलशाही दोघांचीही नजर त्या व्यापारावर असे, आणि १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी तो आपल्या मुठीत ठेवण्याचा आटापिटा केला. अरबी घोडा घाट चढून वर आला आणि दख्खनी घोडीच्या वंशात मिसळला.

शिवकालाबद्दल एकच गोष्ट अधोरेखित करतो, कारण ती पोवाड्यांत येत नाही. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर) एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यायचे, तेव्हा दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी शाकारलेली छपरे आधीच तयार असली पाहिजेत, असाही दंडक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानावर तुटून पडले. नेसरी आपल्यापासून फार दूर नाही, आणि तो प्रसंग इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. त्या सात घोड्यांच्या मागे पखालजी आणि नालबंद उभे होते, हेही त्याला माहीत असावे. अश्वविद्येचा मोठा भाग पाणी आणि नाल यांचाच आहे.

आता पैदास. हा भाग नीट वाचावा, कारण इथल्या चुका पिढ्यान्‌पिढ्या पुरतात.

घोडी वर्षभर सारखी माजावर येत नाही. दिवस मोठे होऊ लागले की तिचे चक्र सुरू होते. ते सुमारे २१ दिवसांचे, आणि त्यांतले पाच ते सात दिवस माजाचे. गाभण काळ ११ महिन्यांचा, सरासरी ३४० दिवस. वीत बहुधा रात्री होते. निरोगी शिंगरू तासाभरात उभे राहते, दोन तासांत आचळाला लागते, आणि वार तीन तासांत पडायला हवी. त्याहून उशीर झाला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाला मिळत नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. शिंगराला चीक न पाजता पिळून टाकण्याची रीत कुठे दिसली तर ती तिथेच थांबवावी.

वळू निवडताना लोक रंग आणि भोवरे पाहतात. पंचकल्याणी शुभ, अमुक जागी भोवरा असला तर मालकाला वाईट, अशी मोठी परंपरा आहे आणि ती लिहून ठेवण्याजोगीही आहे. पण भोवऱ्यामुळे चांगल्या पायांची, शांत स्वभावाची घोडी कवडीमोलाने विकली जाते, तेव्हा नुकसान खऱ्या गुणांचे होते. रंगाचेही शास्त्र आहे आणि ते सुंदर आहे. अंग आणि आयाळ दोन्ही तांबूस असलेला घोडा आणि तशीच घोडी यांचे शिंगरू तांबूसच होते, कारण हा रंग दबून राहणाऱ्या जनुकाचा आहे. दोन्हीकडून तो आला तरच दिसतो. अशा जोडीला काळे शिंगरू झाल्याचे कोणी सांगितले, तर बाप दुसरा आहे. लग्नाच्या बाजारात गुलाबी कातडीच्या पांढऱ्या नुकऱ्याला मोठी मागणी असते, पण ती कातडी उन्हाने भाजते. रंगासाठी पैदास करणाऱ्याने आधी आपल्या शिवारातले ऊन पाहावे. माझ्या मते निवडीचा क्रम असा असावा: पाय, खूर, स्वभाव, पाठ, आणि सगळ्यात शेवटी रंग.

या भागाला जनावरांची पैदास नवी नाही. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काळ्या रानासाठी ‘कृष्णा खोरे’ ही बैलांची जात इथेच तयार झाली आणि सांगलीच्या पटवर्धनांनी तिला आश्रय दिला. तिची आजची घटलेली संख्या पाहिली की एक गोष्ट लक्षात येते: जात घडायला शंभर वर्षे लागतात आणि हरवायला दोन पिढ्या पुरतात.

चारा हा चिकोडीचा खास प्रश्न आहे. उसाचा मुलूख, त्यामुळे हंगामात वाढे फुकटच्या भावात मिळतात आणि बैलांसारखेच घोड्यापुढेही टाकले जातात. बैल रवंथ करतो. त्याच्या पोटातले सूक्ष्मजंतू वाढ्यातले ऑक्झलेट बऱ्याच अंशी मोडून टाकतात. घोड्याला ती सोय नाही. त्याच्या आतड्यात ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, आणि महिनोन्‌महिने फक्त वाढ्यांवर राहिलेला घोडा स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम खर्च करू लागतो. वर गव्हाचा कोंडा भरपूर असेल तर त्यातले फॉस्फरस हीच तूट वाढवते. आधी घोडा कारणाशिवाय लंगडतो, मग चेहऱ्याची हाडे सुजून तोंड मोठे दिसू लागते. शाळूचा चांगला कडबा, हराळी आणि जोडीला लसूणघास ठेवली तर हे टळते. आणखी एक गोष्ट प्रत्येक मोतद्दाराला ठाऊक असते, पण नव्या मालकाला नसते: घोड्याला उलटी करता येत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान. एका वेळी तोबराभर दाणा चारून दिवसभर उपाशी बांधणे म्हणजे पोटशूळाला आमंत्रण. थोडे, अनेकदा, आणि आधी वैरण मग चंदी, हा नियम.

शिक्षणाकडे येतो. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. लगाम ओढला, घोड्याने मान वळवली, त्याच क्षणी लगाम सैल झाला, तर ‘वळल्यावर सुटका होते’ हे त्याला कळते. सैल करायला दोन-तीन सेकंद उशीर झाला की धडा बिघडतो. ओढतच राहिले तर तोंड बधिर होते आणि मग अधिक कडक लगामाची गरज वाटू लागते. चुचकारणे, टाच, मांडीचा दाब, आवाज, सगळ्यांना हाच नियम लागू. दुसरा भाग सवयीचा. भीती वाटणारी वस्तू दुरून, थोडा वेळ, रोज दाखवत जवळ आणायची, आणि घोडा शांत झाल्यावरच ती दूर न्यायची. रिंगणाआधी अश्वांना धावण्याची वाट फिरवून दाखवतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये, असे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ग्रीक लेखक झेनोफन सांगतो. घोडा शिकवणाऱ्या ‘चाबुकस्वार’ या पदाच्या नावात चाबूक आहे खरा, पण मला आदर्श वाटणाऱ्या चाबुकस्वाराच्या हातात तो दिशा दाखवण्यापुरता असतो.

या कसोटीवर आपल्या भागातल्या दोन प्रथा उतरत नाहीत, आणि हे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. वरातीत नाचणारा घोडा बहुतेक वेळा वेदनेतून नाचायला शिकतो: पायांना दोऱ्या, तोंडात बोचरा लगाम आणि छडी. दुसरी प्रथा यात्रांतल्या शर्यतींची. घोडागाडी पळताना पाहण्यातला आनंद मला कळतो, आणि त्या घोड्यांवर त्यांच्या मालकांचे प्रेम असते, हेही खरे. पण डांबरी रस्त्यावर भरधाव धावताना प्रत्येक टापेचा हादरा थेट सांध्यात जातो, आणि घोड्याच्या गुडघ्याजवळची वाढीची टोके साधारण दोन ते अडीच वर्षांपर्यंत बंद झालेली नसतात. काही ठिकाणी एका जुवाखाली एक घोडा आणि एक बैल जुंपतात. दोघांची उंची वेगळी, पावलांची लय वेगळी, ओढण्याची रीत वेगळी. जू तिरके होते आणि दोघांच्याही खांद्याला इजा होते. वेगाची हौस असेल तर मऊ मैदान, पूर्ण वाढ झालेला घोडा आणि शर्यतीआधी डॉक्टरांची तपासणी, एवढे तरी या भागातल्या तरुण मालकांनी मान्य करावे.

स्वारी शिकणाऱ्याने पहिले काही आठवडे जमिनीवरच राहावे. खरारा करावा, खूर उचलून साफ करावे, घोडा हाताने चालवावा. मग लांब दोरीवर, रिकिबीशिवाय बसायला शिकावे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ रेषेत आले की तोल लगामावर न राहता बैठकीवर येतो. वजनाचा हिशेबही आधीच करावा. खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. धनगरी घोडीचे वजन अडीचशे किलोच्या आसपास भरले, तर तिच्यावर पन्नास किलोपेक्षा जास्त भार घालू नये. शाळकरी मुलांसाठी ती उत्तम गुरू ठरेल; धिप्पाड माणसाने मात्र तिच्या शेजारून चालावे.

रोगांचा सविस्तर विचार पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी माहीत हव्यात. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार मोठा असतो, आणि गंजलेला खिळा ही आपल्या प्रत्येक गोठ्यातली वस्तू आहे. लस चुकवू नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यातून माणसाला होतो, तो कायद्याने कळवण्याचा आहे आणि त्यावर लस नाही. यात्रा, बाजार किंवा दिंडीत घोडा नेण्याआधी रक्ताची तपासणी करून घेणे ही त्या गर्दीतल्या प्रत्येक माणसाबद्दलची आपली जबाबदारी आहे.

पुढे शिकायचे कुठे? वाट सापडते. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या रस्त्यावरच आहे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे. कर्नाटकात बिदरचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या रिमाउंट आणि व्हेटरनरी तुकड्यांत विद्यार्थ्यांना घोडेस्वारी शिकायला मिळते. ज्या घरात घोडा विकत घेणे शक्य नाही, त्या घरच्या मुलीला किंवा मुलाला यासारखी दुसरी संधी मला माहीत नाही. लष्करात जायचे असेल तर मीरतचे रिमाउंट व्हेटरनरी कोअरचे केंद्र आहे, आणि १९५३ मध्ये उभी राहिलेली ६१ वी कॅव्हलरी आहे, जिच्यात राजपूत आणि कायमखान्यांच्या बरोबरीने मराठे स्वार आहेत. संशोधनासाठी हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. त्याच्या बिकानेर केंद्रात मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्माला आले. हेच तंत्र उद्या भीमथडीच्या निवडक घोड्यांसाठी वापरता येईल. पण निवडक घोड्या कोणत्या, हे सांगणाऱ्या नोंदी आधी हव्यात.

आणि नोंदी इथूनच यायच्या आहेत. भीमथडीची नोंद महाराष्ट्राची जात म्हणून झाली आहे, पण मेंढरांना राज्याची हद्द माहीत नसते. चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीच्या कळपांबरोबर चालणाऱ्या घोड्या त्याच वंशाच्या आहेत की इकडे त्यांचे काही वेगळे रूप आहे, हा प्रश्न विद्यार्थ्याला हाती घेता येण्याजोगा आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सपाट जमीन, एक उभी काठी, एक शिंप्याची टेप आणि धनगराची परवानगी पुरते. मानेच्या मुळाशी खांद्यांमधला जो उंचवटा असतो तिथपर्यंतची उंची घ्यावी; पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यावा; खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. सेंटिमीटरमधल्या घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे, म्हणजे किलोत अंदाजे वजन मिळते. घेर १५० आणि लांबी १३० असेल तर सुमारे २४६ किलो. पुढच्या दातांवरून वय ठरवावे: मधली कायमची जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, तिच्या बाजूची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. मग घोडीची आई कोणती, ती कोणत्या कळपातून आली, बाप कुठला, आजवर किती शिंगरे झाली, त्यांतली किती जगली, हे धनगराला किंवा बहुधा त्याच्या घरातल्या बाईला विचारावे आणि त्यांच्याच शब्दांत लिहावे. मेंढरे दसऱ्यानंतर निघतात, म्हणून मोजमापाचे काम पावसाळ्यातच, ती गावाजवळ असताना करावे.